साडेतीन फूट

बिराजदार सरांनी कागदावर उंची लिहून दिली
आणि अडीच हजार आगाऊ.
राजेशम म्हणाला, साडेतीन फुटांचे गणपती
मी झोपेतही करतो.

पण ही बाई होती.
समुद्रापलीकडच्या एका बेटावर, गुहेत,
सहा मीटर खाली सापडलेली.
माणूसच, पण आपल्यातली नव्हे.
सर म्हणाले, तिच्या जातीचं आता कुणीच उरलं नाही.
जात म्हणजे? मी विचारलं.
सर जरा थांबले.
प्रजाती, म्हणाले.

हाडं निघाली तेव्हा ओली होती,
हात लावला की मोडायची.
मी सुपातलं काम न थांबवता ऐकत होते.
रात्रभर भिजवून फडक्यात बांधलेलं तेंदूचं पान
सकाळी कसं होतं
ते मला कुणी सांगायला नको.
मग म्हणे त्यांनी हाडांना नेलपॉलिश लावलं,
घट्ट व्हावीत म्हणून.
आमच्या विनोदाने हळूच आपली नखं बघितली.

पावलं लांब. पायांना न शोभणारी.
राजेशमने दोनदा फोन करून विचारलं,
सर, माप चुकलं नाही ना?
आणि हनुवटी नाही.
ओठांखालून उतार थेट गळ्याकडे.
माझ्या मनातून ते जाईना.
आपल्यात रुसलेल्याला हनुवटी धरून समजावतात,
हिला कोण, कुठे धरून समजावत असेल?

रंग कुणालाच माहीत नाही.
द्या अंदाजे, सर म्हणाले.
राजेशमने माझ्या कोपराकडे बघत
रंग कालवला.

एप्रिल. पत्र्याखाली भट्टी.
न रंगवलेल्या बावीस गणपतींच्या रांगेत
ती उभी, सोंडेविना,
कुणाची वाट बघत नसल्यासारखी.
शेजारची पोरं येऊन पाठ लावून उंची मोजायची.
बोल्लींचा धाकटा तिच्याहून दोन बोटं जास्त निघाला
आणि दिवसभर गल्लीत तेच सांगत फिरला.

देवाचे डोळे राजेशम शेवटी लिहितो,
अंघोळ करून, उपाशी.
हिचे लिहायच्या दिवशीही
पहाटे बादलीचा आवाज आला.
मी काही बोलले नाही,
चहा तेवढा उशिरा ठेवला.

कपडे नकोत, सरांनी बजावलं होतं,
विज्ञान आहे.
बरं.
पण लाइट गेले की मी तिच्यावर टॉवेल टाकायचे,
कारखान्यातला सेकंडचा, काठ उसवलेला.
खांद्यावरून घेतला तर पोटऱ्यांपर्यंत पुरायचा.
सकाळी सहाला काढून घ्यायचे.
तेवढ्यात हजार विड्यांचा हिशेब चुकला एकदा,
कारखानदाराने दीडशे छाटल्या.

न्यायचा दिवस आला तर टेम्पो नाही.
राजेशमने तिला चादरीत गुंडाळलं,
विडी घरकुलच्या नाक्यावर सहा-आसनी थांबवली.
रिक्षा भरलेली. मी आत सरकले.
ड्रायव्हर मागे न बघता म्हणाला,
मावशी, पोरीला मांडीवर घ्या,
एक सीट होते.

चादर तोंडावरून घसरली होती.
तिचे डोळे उघडे,
कन्ना चौकाकडे.

तीस वर्षांची बाई आहे, मी म्हटलं,
मांडीवर कशी घेऊ?

सात रस्त्याला उतरताना
दोघींचे पैसे दिले.
त्याने सुट्टे परत करायला हात पुढे केला,
मी घेतले नाहीत.