खारट

तीस वर्षं मी इंदिरा गोदीत क्रेन चालवली.
साखरेची पोती, लोखंडाची बंडलं, एकदा तर जिवंत घोडा,
पट्ट्यात लटकलेला, डोळे पांढरे करून.
माझ्या हातून काही पडलं नाही.
एकदा पडलं. ते नंतर सांगतो.

आता निवृत्तीत सांभाळायला
रुपयाएवढं एक बंदर आहे,
प्रभावतीच्या उजव्या हासळीखाली, कातडीच्या आत.
"पोर्ट बसवू," डॉक्टर म्हणाले, "हाताच्या शिरा थकल्यात."
तिने माझ्याकडे बघितलं.
"घोवान जल्म पोर्टात काढल्यान,
आता पोर्ट माझ्यात घालतास?"
डॉक्टरांना मालवणी कळत नव्हती. हसले तरी.

तेव्हापासून भाजीची पिशवी डाव्या खांद्यावर.
चाळीस वर्षं उजव्याची सवय,
डाव्याला जमत नाही, पट्टा घसरतो,
माझगावच्या बाजारात मधेच थांबून
ती आपल्याच खांद्याला शिव्या घालते.
मंगळसूत्र नेमकं तिथेच घासायचं.
ते काढून तिने तूरडाळीच्या डब्यात ठेवलं
आणि मला बजावलं, डाळ काढशात ती बघून काढा.

औषधाची बाटली कमरेला बांधून घरी येते
तेव्हा दोन दिवस सुई आतच.
आंघोळ नाही. मी ओल्या टॉवेलने पाठ पुसतो,
पट्टीच्या चारी कडांवरून नुसती नजर फिरवतो:
कड सुटली का, लाल झालं का, ओल शिरली का.
त्याआधी हात, साबणाने, मनगटाच्या वरपर्यंत.
ग्रीस काढायलाही एवढा वेळ कधी लावला नव्हता.
थर्मामीटर देवाजवळ.
पारा शंभरच्या पुढे गेला, हुडहुडी भरली,
तर सकाळची वाट बघायची नाही,
असं सिस्टर गावितांनी माझ्याकडून
तीनदा म्हणून घेतलं, शाळेतल्यासारखं.

परळला जायच्या दिवशी सुन्न करायचं मलम,
वर पातळ प्लास्टिक, सुईच्या एक तास आधी.
गोदीचे दरवाजे भरती बघून उघडायचे,
वेळ चुकलेलं जहाज बाहेर नांगर टाकून बसायचं.
तासाचा हिशोब मला कुणी शिकवायला नको.

पाचव्या खेपेला रक्त आलं नाही.
पाणी आत जातंय, रक्त मागे येत नाही,
आणि रक्त दिसल्याशिवाय औषध सोडायचं नाही.
"खोका मावशी. मान तिकडे. मोठा श्वास."
काही नाही.
"बरं, हात वर करा."
तिने हात वर केला, पंजा उघडा.

एकदा पडलं म्हणालो ना, ते असंच.
खालच्या माणसाने पंजा उघडा धरला होता, थांब,
आणि मला तो उशिरा दिसला.
खोक्यात काचसामान होतं. माणूस वाचला.
त्या खोलीत माझे दोन्ही हात
आपोआप थिजले, जणू दांडा अजून मुठीत आहे.
सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही बसा."

मग सिरिंजमध्ये एक लाल धागा दिसला,
वळला, पसरला.
पाण्याने नळी धुतली तसा
प्रभावतीने चेहरा वाकडा केला.
"खारट," म्हणाली. "तुमच्या शर्टासारख्या."

शेवटची खेप फेब्रुवारीत झाली.
पोर्ट अजून राहील, वर्षभर, कदाचित जास्त,
सांगतील त्या तारखेला जाऊन धुऊन आणायचं.
कॅलेंडरवर मी गोल करतो,
सिलेंडर नोंदवल्याच्या खालीच.
जिन्यात फर्नांडिसबाई विचारतात, कधी काढणार ते?
"ऱ्हवांदे," ही म्हणते,
"आमी तरी हय पागडीनच ना?"
आणि बोलता बोलता
पिशवी उजव्या खांद्यावर टाकते.

मी पंजा उघडा वर करतो.
ती पिशवी बदलते. शिवी घालून.