दुभाषीण

माझं काम एवढंच :
प्रश्न इंग्रजीतून उचलायचा, मोंग भाषेत ठेवायचा,
उत्तर आल्या वाटेनं परत न्यायचं.
सेंट पॉलमधलं क्लिनिक, तिसरी खोली,
बाहेर उणे एकोणीस,
टेबलावर एक डबी, झाकणाला आतून चिमुकला चमचा.

"यात काय द्यायचं?" चोंग नेंग विचारतात.
मी सांगते.
ते डबीकडे बघतात, मग माझ्याकडे.
"सरकारला आता हेही हवंय?"
हे मी पुढे पोचवलं नाही.

प्रश्न चौथा : या देशात येण्याआधी काय खात होतात?
इतका वेळ घुमा बसलेला माणूस
बोलायला लागला, तर कागद पुरेना.
उतारावरचा भात, हातसडीचा, कोंड्यासकट.
मोहरीचा पाला, मीठ न घालता उकडलेला,
आणि ते पाणीही प्यायचं, टाकायचं नाही.
बांबूचे कोंब. भोपळ्याच्या वेलीचे शेंडे.
रानातले नऊ-दहा पाले, ज्यांना इंग्रजीत नाव नाही.
माझ्या मोंगमध्येही नाही, मी इथेच जन्मले.
मी लिहिलं : पाला, इतर.

आणि आता?
"सून रात्रपाळीला. नातू फोनवरून मागवतो.
मऊ पाव, पिवळं चीज.
दाताला काम नाही, पोटाला तर नाहीच नाही."

डॉक्टर सिग्रिड टॉफ्टे खुर्ची पुढे ओढतात.
आपल्याला जे पचत नाही ना,
साल, देठ, चोथा,
ते आतड्याच्या शेवटच्या वळणावर कुणाचं तरी ताट असतं.
ते तिथे चोथा आंबवतात
आणि भाडं म्हणून अस्तराला इंधन देतात.
चोथा यायचा थांबला
की काही उपाशी मरतात,
काही घराच्या भिंतीच खायला लागतात.

इथे मी अडले.
आमच्या भाषेत जंतूला जो शब्द आहे
त्याच्या शेपटीला आजार चिकटलेला.
चांगला जंतू म्हणजे काय सांगू, गोड विष?
शेवटी म्हटलं, "आत राहणारी माणसं.
त्यांचं पोट तुमच्या हातावर आहे."

ते बराच वेळ स्वतःचा हात बघत राहिले.
"माझी किती गेली?"
मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.
"नदी ओलांडताना दोघं गेले. छावणीत एक.
ती मला तारखेसकट माहीत आहेत.
ही कधी गेली?
कुणी रडलंसुद्धा नाही."

परत येतील का, हा प्रश्न मी खाली मान घालून विचारला.
जी थोडी उरलीत ती वाढतील, डॉक्टर म्हणाल्या.
जी पार संपली,
ती नुसत्या पाल्यानं येतीलच असं नाही.
मी पहिलं वाक्य सांगितलं.
पाणी प्यायले.
मग दुसरंही सांगितलं.
अर्ध्या वाटेवर उतरता येत नाही या कामात.

शनिवारी त्यांनी मला घरी बोलावलं.
उंबऱ्याशी भात, उकडलेलं अंडं, उदबत्ती :
दचकून हरवलेल्या जिवाला हाक मारतात, ती मांडणी.
फक्त मध्ये एक वाडगा जास्त,
आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याचा,
वास जिन्यापर्यंत.
"कोण आजारी आहे?" मी सुनेला विचारलं.
तिनं खांदे उडवले.

दार सताड उघडं. नातू ओरडला, हीटर चालू आहे!
चोंग नेंग हाका मारत राहिले,
या रे, रस्ता लांबचा आहे, बर्फ आहे,
तुमचं जेवण काढून ठेवलंय,
उशीर झाला, माझी चूक, या.
मग दार लावलं, आणि तोंड उघडलं.
पाल्याचा पहिला घास
इतका सावकाश चावला
की आम्ही सगळे नकळत गप्प झालो.

सोमवारी ते डबी घेऊन आले,
लोकरी मफलरीत गुंडाळलेली.
डॉक्टरांनी हात पुढे केला तरी पटकन सोडेनात.
"तिला सांग," मला म्हणाले,
"हलवू नका फार.
आत माणसं आहेत."

हे मात्र मी
शब्दाला शब्द सांगितलं.