पाणी कितव्या दिवशी येतं

जालन्याच्या संस्थेचा अर्ज अकरा पानांचा.
दोघांचा बाप्तिस्म्याचा दाखला,
पाळकांचं शिफारसपत्र,
घरी प्रार्थना होते का, किती वाजता, कोण चालवतं.
देवदाननं लिहिलं : सेकंड शिफ्ट असली की होत नाही.
मी म्हटलं, खोड ते.
तो म्हणाला, लेकराच्या कागदावर पहिलीच ओळ खोटी?

पाळक बोर्डेसाहेब म्हणाले,
आपल्याच लोकांची संस्था, तिथंच नाव घाला.
अंबाजोगाईच्या त्या सिस्टर, त्या कॅथलिक.
मला विचारायचं होतं,
दवाखान्याच्या पायरीवर ठेवलेलं तीन दिवसांचं लेकरू
कोणत्या पंथाचं रडतं.
विचारलं नाही.
पत्र त्यांच्याच हातचं लागणार होतं.

जालन्यात हॉल स्वच्छ, भिंतीवर वचन, खाली सोफा.
मॅडम बोलायला चांगल्या होत्या.
सातव्या पानावर पेन थांबलं :
रंगाबद्दल काही अपेक्षा?
मी देवदानच्या हाताकडे पाहिलं,
परळीच्या राखेत एकवीस वर्षं काढलेला हात.
तो म्हणाला, आमच्यात मिसळेल असा.
त्यांनी लिहिलं, सावळा चालेल.
चालेल.
अंबड गेलं, गेवराई गेली,
तो शब्द दाताखालून निघेना.

अंबाजोगाईला सिस्टर जॉयसी
मागच्या अंगणात लंगोट वाळत घालत होत्या.
केरळच्या, पण बोलणं पक्कं इथलं.
अर्ज बाजूच्या बादलीवर ठेवला, पालथ्या.
पाणी कितव्या दिवशी येतं तुमच्याकडं?
आठव्या.
टाकी केवढी?
पाचशेची.
हजाराची घ्या, लंगोट लई होतात,
म्हणाल्या, आणि उरलेले चिमटे माझ्या ओंजळीत दिले.
रात्री कोण उठणार, हे त्यांनी विचारलंच नाही.
देवदाननं आपणहून सांगितलं,
मला शिफ्टची सवय आहे.

अठ्ठ्याण्णव साल होतं.
वकील म्हणाला, तुमच्या लोकांना दत्तक नाही, नुसतं पालकत्व,
तेही अठरा वर्षांपुरतं.
पुढं? मी विचारलं.
पुढं तुमचं प्रेम, असं म्हणून तो हसला,
आणि फी सांगितली.
टंकलेखकानं पालकच्या जागी पाळक टाइप केलं.
देवदान म्हणाला, राहू दे,
कुणीतरी पाळणार आहे एवढं तर कळतं.
ते पान मात्र परत करावं लागलं. बावीस रुपये.

टाकी लेकराच्या आधी आली, हातगाड्यावरून.
शेजारची कांताबाई म्हणाली,
दोन माणसांना हजार लिटर? पाहुणे येणारेत काय?
मी नुसती मान हलवली.
अजून कोणाला काही सांगितलं नव्हतं,
माझ्या आईलासुद्धा.

आठव्या रात्री दीड वाजता नळ आला.
देवदान कामावर.
मी गच्चीवर पाइप धरून उभी,
आधी पाणी रिकाम्या तळाशी वाजत होतं, मोठ्यानं,
मग आवाज हळूहळू भरत, वर येत गेला.
हजार लिटरला किती वेळ लागतो
मला माहीत नव्हतं.