तंबू नंबर तीन, हेम्मडगा

खानापूर सोडलं की फलक कन्नड,
शिव्या मात्र अजून मराठी.
तंबूत उशीवर एक टॉर्च, एक शिट्टी.
मष्णू म्हणाला, शिट्टी गव्यासाठी न्हवं,
चहा पाहिजे झाला तर वाजवा.

अकरा वर्षं तो टांझानियात होता,
एका सफारी लॉजच्या भटारखान्यात.
सिंह?
"न्हाई बघितला. साहेब लोक बघून येत,
मी त्यांच्या बशा बघायचो की.
सिंह दिसला त्या दिवशी
मटण उरायचं."

जेवणं झाल्यावर कंदील बारीक करून
तो मला तिथलं गवत सांगतो,
कमरेएवढं, पिवळं,
सगळं दुसऱ्यांनी पाहिलेलं.
मीही ते घेतो,
मुळातच उसनं.

मधेच थांबतो.
"गप. ऐकूलालात न्हवं?"
भांडी घासायच्या दगडापाशी
कुणीतरी भाता ओढावा तसा श्वास.
पलीकडून वनरक्षक हळूच: "बंतु."
आला.
मला अर्थ कळायच्या आधी
पोटरीतल्या केसांना कळला.

टॉर्चच्या कडेला खांदा, नुसता खांदा,
दाराएवढा,
आणि दगडावरचं खारट पाणी
चाटल्याचा आवाज, निवांत.
मष्णू पाठमोरा,
पुटपुटत ताटं मोजत होता,
बाहेर राहिलेली धरून.

सकाळी वहीत रकाना: काय पाहिले?
मी लिहिलं, गवा, अर्धा.
वही त्याच्याकडे सरकवली तर
त्यानं न बोलता एक ताट पुढं केलं,
स्टीलचं, मधोमध खुरानं चेपलेलं,
आणि त्यातच मला
पोहे वाढले.