शेकाटे, एकोणीस

जहरा. शुक्रवार, सकाळचे सात.
दुर्बिणीची काच दर श्वासाला धुरकटते.
बोरूच्या बेटात वारा खसखसतो
आणि इद्रिस म्हणतो, "एकोणीस."
मी म्हणतो, एकवीस.
वही त्याची, म्हणून एकोणीस.

शेकाटे उभे आहेत,
लाल काड्यांवर कुणी
घाईत टेकवून ठेवल्यासारखे.

शहराने तांदूळ धुतले, चेहरे धुतले,
कुणा गेलेल्याला शेवटची आंघोळ घातली,
ते सगळं माझ्या टाक्यांतून गाळून
इथवर येतं, तळं होतं.
आठवडाभर मी बाटली उजेडात धरून
त्याचा गढूळपणा मोजतो,
आकडा लिहितो, सही करतो.
पिशील का म्हणालात, तर नाही म्हणेन.

एक शेकाट्या वाकतो.
चोच बुडवतो, काहीतरी गिळतो,
मान झटकून पुढे चालू लागतो.

मग भोवत्या आला, बोरूच्या शेंड्यांना घासत.
सगळे उडाले एकदम,
पाय मागे लोंबत,
उसवलेल्या शिवणीतल्या लाल दोऱ्यांसारखे.
इद्रिस मोजायचं विसरला.
मीही.

पाणी हललं, खूप वेळ हलत राहिलं.
भोवत्या रिकाम्या पंजांनी परत गेला.
आम्ही थर्मासमधला चहा वाटून घेतला,
एकाच झाकणातून.

वहीत अजून एकोणीसच आहेत.