बारावा हिस्सा

उद्यमबागेत, ओढ्याकडच्या बाजूला,
शेठ पळाला त्या वर्षी
आम्ही अकरा जणांनी फौंड्री घेतली.
थकलेल्या पगारापोटी मिळाली ती :
एक कुपोला, दोन लेडल, खोटं बोलणारा वजनकाटा
आणि काळ्या वाळूचा ढीग,
ज्याच्या कुशीत मांजर व्यालं होतं.

बोर्ड कुठल्या भाषेत लिहायचा
यावर तीन रात्री गेल्या.
मालकी कुणाची, यावर दहा मिनिटं.
सगळ्यांची, म्हणाला भरमाण्णा मुचंडीकर.
दस्तगीर नदाफनं विडी कानावर खोचली,
म्हणजे ठराव मंजूर.

भरमाण्णा लाल बावट्याचा जुना माणूस.
खानापूरच्या कौलांच्या कारखान्यातून दोनदा काढलेला.
घरी यल्लम्माच्या परडीशेजारी
लाल फडक्यात बांधलेलं एक जाड पुस्तक,
दसऱ्याला दोन्हींना हळदकुंकू.
साचा फोडल्याबिगर माल निघत नाही, म्हणायचा.
आम्ही माना हलवायचो.
आम्ही तर रोजच फोडत होतो,
दिवसाला नव्वद.

चार वर्षं.
ओतणाऱ्याला तेवढंच, झाडणाऱ्याला तेवढंच,
सावलीत बसून हिशेब लिहिणाऱ्या मलाही तेवढंच.
दुपारी डबे एकत्र उघडायचे,
कारळ्याची चटणी, कडक भाकरी,
सोमवार-शनिवार सोडून दस्तगीरच्या घरचा खिमा.
पंपाची खोकी लोखंडी, गरम,
रांगेत ठेवली की आपलीच पोरं वाटायची.

मग पुण्याच्या कंपनीनं दर पाडला.
राजकोटवाले याहून कमीत देतात, म्हणाले.
सगळं आपलं होतं,
दर तेवढा आपला नव्हता.
हे मला वहीत दिसलं, लाल शाईत.
त्या लाल रंगाचं भरमाण्णाला काही सुचलं नाही.

माणूस कमी पडला म्हणून ईरप्पा आला,
सौंदत्तीकडचा, बावीस वर्षांचा,
रोजंदारीवर.
वर्ष झालं. भरमाण्णा म्हणाला,
पोराला हिस्सा देऊया. बारावा.
बारावा कशाला, बारावंच घाल की आमचं, कुणीतरी म्हणालं
आणि सगळे हसले, जरा जास्तच.

मी वहीत आधीच भागून ठेवलं होतं.
अकरानं भागलं की थोरलीची नर्सिंगची फी बसते.
बारानं भागलं की
दोन हजार तीनशे कमी पडतात.

देऊ नये म्हणणाऱ्यांनी हात वर करा.
बाहेर ईरप्पा वाळू चाळत होता.
चाळणीचा आवाज थांबला,
मग पुन्हा सुरू झाला.
नऊ हात. त्यातल्या एकाच्या बोटांना शाई होती.

भरमाण्णा चिडेल असं वाटलेलं.
तो चप्पल शोधत होता.
'तुमचं चुकलं म्हणत नाही रे.
राजकोटला मी पण भिऊलोय.
फक्त वहीत लिही, नुसता ठराव नको.
कारण पण लिही.'

पुढे त्याच्या नातीला कॉलेजात निबंध आला :
आपल्या समाजात साम्यवाद रुजेल का?
ती उंबऱ्यावर वही घेऊन बसली.
म्हातारा बराच वेळ सुपारी कातरत राहिला.
'होता की गं इथं. चार वर्षं.
मग एक पोरगा कामाला आला.'

आता आम्ही नऊ आहोत, कामाला सव्वीस.
बोर्ड दोन्ही भाषांत आहे, कन्नड मोठं, नियमाप्रमाणे.
ईरप्पा मुकादम झालाय.
संध्याकाळी साचे फोडतो, वाळू चाळतो,
पाणी मारतो आणि तीच वाळू
सकाळी त्याच पेट्यांत ठोकून बसवतो.
परवा मला म्हणाला,
नव्या पोरांना जास्त तोंड लावू नका, काका.

इतिवृत्ताच्या वहीत, पान एकेचाळीस,
'कारण' या शब्दापुढे दोन ठिपके आहेत.
त्यापुढची ओळ मी कोरी सोडली होती,
सावकाश लिहू म्हणून.