कडेची रिकामी जागा

राजारामपुरीत सातव्या गल्लीला
झेरॉक्सच्या दुकानावर क्लास, सात ते आठ.
मुल्लाणी सर म्हणाले, स्ट्रिंग म्हणजे दोरा.
त्यात अक्षरं ओवायची, आणि मोजायचं शून्यापासून.
माझ्या बोटांना चामड्याचा वास,
दिवसभर चपलांच्या वेण्या घातलेल्या.
मनात म्हटलं, दोरा तेवढा मला शिकवू नका.

शून्यापासून का, सर?
पहिलं अक्षर सुरवातीपासून किती लांब?
शून्य.
पटलं. आमच्यातही माप घेताना
टाच शून्यावरच टेकवतात.

मग लांबी.
हौसा. दोन अक्षरं, शेंबडं पोरगंही सांगेल.
पायथन म्हणालं, चार.
ह, मग त्याची मात्रा, स, मग त्याचा काना.
मात्रेलाही त्यानं माणसात धरलं.

नाव उलटं करा, म्हणाले.
शेजारचा समर झाला रमस, हसला.
माझा काना पुढं येऊन पडला,
धरायला अक्षर नाही, नुसताच लोंबकळत.
आणि ह-ची मात्रा जाऊन बसली स-वर.
पडद्यावर मधोमध उमटलं: सौ.
मी पटकन खोडलं.
दोन वर्षं झाली ते लावायचं सोडून.

अप्परनं सगळी अक्षरं मोठी होतात, म्हणे.
मराठीवर चालवून बघितलं, ढिम्म.
आपल्यात लहान अक्षर, मोठं अक्षर नसतंच, सर म्हणाले.
सुभाषनगरात राहणाऱ्या बाईला
हे ऐकून काय वाटावं?
निदान लिपीत तरी नाही.

आणि स्ट्रिंगमधलं एक अक्षर जागेवर बदलायला जा,
तांबडी ओळ येते.
रिप्लेस नवी स्ट्रिंग काढून देतं,
जुनी होती तशीच.
तुम्ही नवीला नाव दिलं नाही
तर ती गेली.

*

सोसायटीची यादी माझ्याकडं आली, तीनशे बारा कारागीर.
अक्काताई व्हटकरचे पैसे चार महिने अडकलेले.
नाव जुळत नाही, म्हणत होता कॉम्प्युटर.
ती पासबुक पदरात धरून दारात उभी.
"माझंच नाव हाय की गं ते."
दोन्हीकडं तेच नाव होतं. डोळ्यांना तेच.
बरोबरीची दोन चिन्हं टाकून विचारलं.
फॉल्स.
लांबी काढली.
पासबुकातलं पंधरा,
यादीतलं सोळा.

टाइप करताना कुणाचा तरी अंगठा
नावाच्या शेवटी स्पेसवर टेकला असणार,
चहा आला असेल, नाहीतर फोन.

एक शब्द लिहिला, स्ट्रिप, पुढं रिकामा कंस.
पंधरा.
ट्रू.

"मग व्हतं काय गं नावात?"
काहीच नव्हतं, अक्का.
पण ते मोजत होते.

"काय नव्हतं त्याचे चार महिने?"
तिनं पासबुक मिटलं, आणि जाता जाता
माझी आजची वेणी उलटीपालटी करून बघितली.
"हितं सैल हाय."
होती.

*

रात्री उरलेली यादी चालवली.
स्प्लिटनं प्रत्येक नावाचे तीन तुकडे:
नाव, मग बापाचं नाहीतर नवऱ्याचं, मग आडनाव.
शून्य, एक, दोन.
दोनशे सातव्या ओळीवर प्रोग्रॅम धापकन पडला.
तिसरा तुकडा सापडत नाही, म्हणाला.
ओळ काढून बघितली.
हौसा सातपुते.
फॉर्म मीच भरला होता. मधला रकाना
काहीही न लिहिता पुढं सरकवलेला.

मधे काहीतरी टाकून भागलं असतं,
एक टिंब, एक रेघ, जुनं एखादं नाव.
मी वर एक अट लिहिली:
तुकडे दोनच असतील, तर दोनच छाप.

मग तीनशे बारा ओळी सरळ उतरल्या.
स्ट्रिप कडेची जागा काढतं,
मधल्या जागेला हात लावत नाही.
बरं आहे.
नाहीतर नाव आणि आडनाव
एकमेकांना चिकटलं असतं.